सांकवाळचा पाद्री, कँडीचा कैदी

जाफना शहर मागे टाकून पंडत्तरिप्पूच्या बाजूला निघाले की ताडाची झाडे सुरू होतात आणि संपतच नाहीत. सपाट मुलूख, तांबडी माती, कांद्याचे आणि तंबाखूचे वाफे, मधून मधून एखादी विहीर. वाड्यांभोवती झावळ्यांची माणसापेक्षा उंच कुंपणे असतात. आता बरीचशी सिमेंटची झाली आहेत, पण आडवाटेला जुनी अजून दिसतात आणि ती इतकी दाट विणलेली असतात की अंगणात कोण वावरते आहे हे रस्त्यावरच्या माणसाला कळू नये. सिल्लाले हे गाव याच पट्ट्यात आहे. वस्ती बहुतेक कॅथलिक तमिळांची. या कुंपणांच्या आड सव्वातीनशे वर्षांपूर्वी एक गोवेकर पाद्री लपून राहत होता. दिवसा भिकाऱ्याच्या वेषात हिंडायचे आणि रात्री कुणाच्या तरी घरात दारे लावून मिस्सा म्हणायची, असा त्याचा क्रम. सापडला असता तर त्याचे जे व्हायचे ते झाले असतेच, पण त्याला घरात घेणाऱ्यालाही देहान्ताची शिक्षा फर्मावलेली होती.

त्याचे नाव जोसेफ वाझ. गोव्यात जुझे वाझ. श्रीलंकेत आता रस्त्याकडेच्या काचेच्या पेटीतून, शाळांच्या फाटकांवरून, बसच्या ड्रायव्हरसमोरच्या फोटोतून हा दाढीवाला, किडकिडीत, हातात क्रूस धरलेला माणूस दिसत राहतो. आपल्याकडचे प्रवासी मात्र अशोकवाटिका आणि नुवारा एलियाचे चहामळे बघून परततात. गोव्यातला एक माणूस या बेटावर मरेपर्यंत राहिला आणि इथल्या लाखो लोकांचा संत झाला, हे त्यांतल्या बहुतेकांच्या गावीही नसते.

तो काळ समजून घेतल्याशिवाय सिल्लाले समजत नाही. पोर्तुगिजांनी दीडशे वर्षे या बेटाच्या किनाऱ्यावर राज्य केले, किल्ले बांधले आणि धर्मांतरेही केली. काही मनापासून, काही मतलबाने, काही धाकाने. मग डच, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतले वलंदेज, आले. १६५६ मध्ये कोलंबो पडले, १६५८ मध्ये जाफना. डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी कॅथलिक म्हणजे पोर्तुगिजांचा छुपा माणूस. त्यांनी सगळ्या पाद्रींना बेटाबाहेर काढले, चर्चे ताब्यात घेतली, त्यांतल्या मूर्ती हलवून तिथे कॅल्विनच्या पंथाची प्रवचने सुरू केली. तलवारीपेक्षा त्यांचे कागद जास्त जाचक होते. जन्म, बाप्तिस्मा, लग्न या सगळ्यांची नोंद कंपनीच्या शाळेतल्या तोंबो नावाच्या वहीत झाली नाही, तर वारसाहक्क मिळत नसे, जमीन नावावर चढत नसे. मग लोकांनी लोकांसारखाच मार्ग काढला. डच पाद्रीकडून बाप्तिस्मा घ्यायचा, वहीत नाव लावून घ्यायचे आणि घरी येऊन आजीच्या पेटीतली जपमाळ काढायची. जवळजवळ तीस वर्षे या लोकांनी कॅथलिक पाद्रीचे तोंड पाहिले नव्हते. एक पिढी मिस्सेशिवाय मोठी झाली होती.

ही बातमी गोव्यात पोचली तेव्हा वाझ तिथे होते.

गोव्याची बाजू बघायची तर सांकवाळला जावे. वास्को-मडगाव रस्त्यावरून झुआरीच्या अंगाला वळले की एक पांढरी, नक्षीदार, उंच भिंत उभी दिसते. मागे काहीच नाही. नोसा सेन्योरा द साउद, म्हणजे आरोग्यमातेच्या चर्चचा हा दर्शनी भाग. बाकीचे चर्च एकोणिसाव्या शतकात आगीत गेले. याच चर्चमध्ये १६७७ साली तरुण वाझ यांनी स्वतःला मारियेचा दास म्हणून लिहून दिले होते. आपल्याकडच्या वाचकाला सांकवाळ दुसऱ्या कारणाने ठाऊक असते. वेलिंग्याचा लक्ष्मीनृसिंह मूळचा इथला. सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी तो नदीपलीकडे नेला. गावचे काही लोक देवाबरोबर गेले, काही राहिले आणि ख्रिस्ती झाले. वाझ यांचे घराणे राहिलेल्यांपैकी, बामणांचे. त्यांचा जन्म मात्र आजोळी, बाणावलीला, २१ एप्रिल १६५१ चा. पोर्तुगीज सांकवाळला शिकले, लॅटिन बाणावलीला, पुढचे शिक्षण जुन्या गोव्यात जेझुइटांकडे आणि डोमिनिकनांकडे. १६७६ मध्ये पाद्री झाले.

पाद्री झाले खरे, पण कसले? गोव्यातल्या तेव्हाच्या धर्मव्यवस्थेत देशी पाद्री म्हणजे दुय्यम माणूस. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन या बड्या संघांची दारे त्याला जवळजवळ बंद होती. गोऱ्या पाद्रींच्या हाताखाली चाकरी करायची, एवढीच त्याची पायरी. याच वर्षांत बाहेर काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. १६८३ च्या अखेरीस संभाजीराजांच्या फौजा बारदेश आणि साष्टीत शिरल्या, पोर्तुगिजांची राजधानी वाचली ती थोडक्यात. दुसऱ्याच वर्षी व्हाइसरॉय काउंट आल्व्होरने फर्मान काढले की गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. वाझ तेव्हा कानडा मुलखातून, मंगळूर, बसरूर, कल्याणपूर, गंगोळी असे पायी हिंडून नुकतेच परतले होते. तिथे रोम आणि लिस्बन यांच्यात अधिकाराची ओढाताण चालू होती, त्यात त्यांचा बराच वेळ गेला. तो तंटा सांगत बसले तर वेगळा लेख होईल. मंगळूरजवळ मुडिपूच्या टेकडीवर त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे. त्या बाजूला जाणाऱ्याने पाहावे.

परतल्यावर १६८५ मध्ये त्यांनी जुन्या गोव्यात काही देशी पाद्रींनी नुकत्याच सुरू केलेल्या एका मंडळीत प्रवेश केला आणि तिला संत फिलिप नेरीच्या ओरेटरीचे नियम लावून घेतले. ही गोव्याची ओरेटरी. भारतीय पाद्रींनी भारतीय पाद्रींसाठी चालवलेला हा संघ, गोऱ्या संघांना दिलेले मुकाट्याचे उत्तरच. पण याचेही एक अस्तर आहे आणि गोव्यातले भाविक ते फारसे उलटून दाखवत नाहीत. या ओरेटरीत बामणांनाच प्रवेश होता. पुढे चार्दो समाजातल्या पाद्रींना चिंबलला आपला वेगळा कार्मेली मठ उभारावा लागला. गोऱ्यांनी आपल्याला दाराबाहेर ठेवले म्हणून ज्यांनी दार बांधले, त्यांनीही उंबरठा ठेवलाच. वाझ यांचा मोठेपणा मान्य करूनही हे लिहायला हवे, कारण त्यांच्याबरोबर सिलोनला जो माणूस गेला तो कुणबी होता. जुवांव त्याचे नाव. घरचा गडी. जाफन्यात तो सोबत होता, कँडीच्या तुरुंगातही होता. संताच्या प्रत्येक चित्रात संत दिसतो. जुवांव क्वचितच दिसतो.

१६८६ मध्ये दोघे गोव्यातून निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला, तिथून तुतिकोरिन. पाद्रीचा झगा उतरवून वाझ यांनी कमरेला फडके गुंडाळले, पायांतली पादत्राणे काढली, आणि हमालांत हमाल होऊन तारवात बसले. डचांच्या बंदरांत उतरायचे तर दुसरा उपाय नव्हता. वादळाने तारू भरकटले, उपासमार झाली, आणि १६८७ च्या ईस्टरच्या सुमारास ते जाफन्याला लागले ते आजारी होऊनच. हगवण लागली होती. साथीचा रोग असेल या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर झुडपांत नेऊन ठेवले. एक बाई रोज भाताची कांजी आणून देत राहिली, म्हणून दोघे जगले. साष्टीत ज्याला पेज म्हणतात तीच ही. जाफन्यात आजही सकाळी हातगाडीवर औषधी पाल्याची हिरवी कांजी मिळते. ती चवीला कडसर लागते, वर गुळाचा खडा देतात. आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा काय पोटात घालावे, याबद्दल या दोन किनाऱ्यांत कधीच मतभेद नव्हता.

बरे झाल्यावर वाझ यांनी शोध सुरू केला. सगळे शहर डच हेरांचे आणि कॅथलिक कोण हे कुणी तोंडाने सांगणार नाही. म्हणून त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागायला लागले. कुणी नुसतीच भीक घालून आत जाई. एखाद्याची नजर माळेवर अडकून राहिली की तिथे खूण पटायची. पुढची भेट सावकाश, पुष्कळ आडवळणे घेऊन. धर्मप्रसाराच्या इतिहासात एवढी साधी आणि एवढी चलाख युक्ती माझ्या वाचनात दुसरी नाही. मागे फौज नाही, खजिना नाही, उलट सरकार वैरी. अशा वेळी माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटते ते वाचण्याखेरीज दुसरे साधन उरत नाही.

ओळख पटल्यावर त्यांना सिल्लालेला हलवण्यात आले. तिथून ते रात्री गावोगाव जात. एका नाताळच्या रात्री डच शिपायांनी जाफन्यातल्या घरांवर धाडी घातल्या आणि जमलेल्या लोकांना पकडून नेले. दंड झाले, फटके बसले, काहींना सक्तमजुरी झाली आणि त्यांतले सगळे परतले नाहीत. पाद्री मात्र निसटला. या गोष्टीची बोच त्यांना किती लागली असेल, याबद्दल जुनी चरित्रे फार बोलत नाहीत. ती चमत्कारिक सुटकेवर भर देतात. पण त्यानंतर लवकरच वाझ यांनी जाफना सोडले. आपण इथे राहिलो तर लोकांचे जीव जातात, हा हिशेब त्यांनी मांडला असणार.

दक्षिणेला पुत्तलम. खाडी, तिच्या कडेने मिठागरे, पांढऱ्या मिठाचे ढीग, आणि रस्त्यावर मोकाट गाढवे. एके काळी मीठ आणि कापड पाठीवर लादून डोंगरात नेण्यासाठी आणलेल्या गाढवांची ही प्रजा, आता कुणाच्याच मालकीची नाही. पुत्तलम त्या काळी कँडीच्या सिंहली राजाचे बंदर होते. समोर कल्पिटियाला डचांनी किल्ला बांधून समुद्राचे तोंड दाबले होते, पण खाडीच्या अलीकडे राजाचा अंमल. वाझ यांच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा शोध: डचांचा शत्रू असलेला, बौद्ध धर्माचा पालक असलेला एक राजा डोंगरात बसला आहे आणि त्याच्या राज्यात कॅथलिकांना मारण्याचा कायदा नाही. इथे त्यांनी उघडपणे काम केले, आणि १६९२ मध्ये कँडीची वाट धरली.

कोलंबो फोर्ट स्टेशनवरून कँडीची गाडी पकडावी आणि डब्यात उजव्या बाजूची खिडकी मिळवावी. सव्वाशे किलोमीटरच्या आतला प्रवास, पण निम्म्यानंतर गाडी चढणीला लागते, बोगदे सुरू होतात आणि दरी खाली खाली जाते. बलन नावाचे छोटेसे स्टेशन लागते. बहुतेक प्रवासी तेव्हा फोटो काढण्यात दंग असतात. बलनची खिंड ही कँडीच्या राज्याची वेस. इथल्या डोंगरावर राजाचा नाका होता आणि खालून येणारी पोर्तुगिजांची फौज इथून दिसायची. १५९४ मध्ये दंतुरे, १६३० मध्ये रन्देनिवेल, १६३८ मध्ये गन्नोरुवा, अशा तीन मोठ्या लढायांत कँडीवाल्यांनी पोर्तुगीज फौजांची धूळधाण केली. फौज आत येऊ द्यायची, मग मागची वाट तोडायची आणि पावसाने, जळवांनी, उपासमारीने ती खिळखिळी झाली की झडप घालायची. मावळातल्या घाटांची ज्यांना माहिती आहे त्यांना हा डाव समजावून सांगायला नको.

अशा राज्यात गोव्याचा एक कॅथलिक पाद्री चालत येतो, म्हणजे तो पोर्तुगिजांचा हेर नसेल तर दुसरा कोण असणार? दरबारात लानरोल नावाचा एक फ्रेंच गृहस्थ होता. १६७२ मध्ये फ्रेंच आरमाराकडून वकील म्हणून आला आणि राजाने परतच जाऊ दिले नाही. कँडीच्या राजांना परदेशी माणसे अडकवून ठेवायची आवडच होती. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी इथे जवळजवळ वीस वर्षे असाच अडकला होता. १६७९ मध्ये पळून गेला आणि त्याने या बेटावर जे पुस्तक लिहिले ते अजून वाचले जाते. लानरोल पंथाने प्रॉटेस्टंट. त्याने राजाच्या कानावर घातले की हा हेर आहे. वाझ, जुवांव आणि त्यांना वाट दाखवणारा एक व्यापारी, तिघांना बेड्या घालून शहरात आणण्यात आले.

तुरुंगवासाची गोष्ट मला चमत्कारांपेक्षा जास्त पटते. सुरुवातीला कडक पहारा होता, मग हळूहळू सैल झाला, कारण पहारेकऱ्यांना या कैद्यात हेरासारखे काही सापडेना. तो दिवसभर सिंहली शिकत बसे. पुढे आवारातच त्याने कुडाची एक झोपडी उभारली आणि तिच्यात वेदी मांडली. शहरात पूर्वीपासून अडकून पडलेल्या पोर्तुगिजांची मुलेबाळे, नातवंडे होती. ती आधी चोरून, मग उघड येऊ लागली. कँडीतले पहिले चर्च हे असे तुरुंगाच्या आवारात सुरू झाले. राजाने पाहिले आणि पाडले नाही.

राजा म्हणजे दुसरा विमलधर्मसूर्य. १६८७ ते १७०७ ही त्याची कारकीर्द. दळदा मालिगावात, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरात, आज जी गर्दी असते, तिच्यातल्या कुणाला हा राजा विचारला तर तो वेगळ्याच कारणाने ओळखतो. त्याने दातासाठी तीन मजली देऊळ बांधले. बेटावर भिक्षूंची विधिवत दीक्षा देणारी परंपरा खंडित झाली होती, म्हणून त्याने आराकानला शिष्टमंडळ धाडून तिथून भिक्षू आणवले आणि ती पुन्हा सुरू करवली. कट्टर बौद्ध राजा होता, यात शंका नाही. आणि याच राजाने कॅथलिक पाद्रीला आपल्या राजधानीत मोकळे सोडले. आराकानचे भिक्षू आणि गोव्याचे पाद्री एकाच दशकात एकाच राजाच्या आश्रयाला होते. गोव्यात इन्क्विझिशन आणि किनाऱ्यावर डचांचे तोंबो चालू असताना डोंगरातल्या या छोट्या राज्यात हे घडत होते. वाझ यांच्या चरित्रातला सगळ्यात मोठा माणूस कदाचित हा राजाच असावा, असे कँडीच्या तळ्याकाठी फिरताना वाटत राहते. (तळे मात्र नंतरचे, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे. वाझ यांनी ते पाहिलेले नाही.)

राजाचे मन कशाने वळले, याची लोकप्रिय कथा पावसाची आहे. १६९६ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. भिक्षूंची पूजा झाली, पाऊस नाही. मग राजाने पाद्रीला सांगितले. त्यांनी चौकात वेदी मांडून क्रूस उभा केला आणि पाऊस आला. सगळे भिजले, ते आणि वेदी तेवढी कोरडी राहिली. श्रीलंकेतल्या अनेक चर्चमध्ये हे चित्र भिंतीवर आहे आणि चित्रकाराने भिजलेल्या माणसांचा आनंद फार सुरेख रंगवलेला असतो. ज्यांचा विश्वास आहे त्यांचा असू द्या. मला वाटते दुसऱ्या वर्षी जे घडले ते पावसापेक्षा राजाला जास्त कळले असणार.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. त्या काळची रीत अशी की घरात देवी निघाली की रोग्याला रानात नेऊन ठेवायचे आणि घरच्यांनी पळून जायचे. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. तोवर गोव्याहून आणखी पाद्री आले होते, त्यांत वाझ यांचा भाचा जोसेफ कार्व्हाल्यो होता. मामा-भाचे रानात गेले. टाकून दिलेल्या माणसांना त्यांनी झोपड्या बांधून आडोसा केला, खाऊ-पिऊ घातले, त्यांच्या जखमा धुतल्या, मेले त्यांना पुरले. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, हे विचारले नाही. हगवण लागली तेव्हा आपल्याला झुडपांत कसे टाकून दिले होते आणि कांजी कुणी आणली होती, हे वाझ विसरलेले नसणार. साथ ओसरल्यावर राजा परतला आणि त्यांना त्याच्या राज्यात कुठेही फिरण्याची मुभा राहिली.

त्यानंतरची वर्षे पायपिटीची. पाद्री मूठभर आणि बेट मोठे. म्हणून त्यांनी जे केले ते, माझ्या मते, त्यांचे खरे काम. गावोगाव लोकांतलीच माणसे नेमली. मुप्पू म्हणजे चर्चचा कारभारी. गावातला शहाणा, भांडण मिटवणारा, पैशाचा हिशेब ठेवणारा माणूस. अण्णावी म्हणजे प्रार्थना सांगणारा, मुलांना धडे देणारा, पाद्री नसेल तेव्हा बाप्तिस्मा देणारा आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसणारा. पाद्री वर्षातून एकदा आला तरी गाव चालू राहायचे. साष्टीत वाढलेल्या माणसाला गावकरी आणि कोंफ्रारिया, म्हणजे चर्चमधली भाविकांची मंडळे, यांची कामे कशी वाटून घेतली जातात हे लहानपणापासून माहीत होते. ते शहाणपण त्यांनी इथे आणले, असे मानायला जागा आहे. पाद्री येणार हे कळायचे ते तोंडोतोंडी. एका रात्रीत बाप्तिस्मे, लग्ने, कबुली, मिस्सा, सगळे उरकून पहाटेपूर्वी माणूस पुढच्या गावाला. डचांच्या हद्दीत, थेट कोलंबोतही, ते असे वेश बदलून जात.

कोचीनच्या बिशपांनी त्यांना सिलोनसाठी आपला मुखत्यार, व्हिकार जनरल, नेमले. पोपचा वकील म्हणून पूर्वेकडे आलेल्या तुर्नाँने त्यांना बिशप करायचे मनावर घेतले, ते त्यांनी नाकारले. नम्रतेपायी नाकारले असे म्हणतात. असेलही. पण बिशप म्हटला की पोर्तुगालच्या राजाचा हक्क आला, दरबार आला, कागद आले आणि डचांना हवे ते निमित्त मिळाले असते. भिकाऱ्याच्या वेषात फिरणाऱ्या बिशपची कल्पना लिस्बनलाही सोसली नसती.

१६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीत वारले. त्यांनीच उभारलेल्या चर्चमध्ये त्यांना पुरले. आज कँडीत त्यांची कबर शोधायला गेलात तर सापडणार नाही. १७४० च्या दशकात श्री विजय राजसिंहाच्या कारकिर्दीत वारे फिरले, कँडीच्या राज्यातून पाद्रींना घालवून दिले आणि चर्चे मोडली. त्यात ती जागाही गेली. शहरातल्या सेंट अँथनीच्या कॅथीड्रलमध्ये त्यांची मूर्ती आहे, लोक हार घालतात, मेणबत्त्या लावतात. गोव्याहून येणारे यात्रेकरू तिथे कोकणीतून प्रार्थना म्हणतात आणि मग हळूच विचारतात की कबर कुठे आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे शव चांदीच्या पेटीत ठेवून दर दहा वर्षांनी लाखो लोकांना दाखवले जाते. त्याच गोव्याच्या या माणसाचे हाडही राहिलेले नाही. त्यांचे पहिले चरित्र मात्र राहिले: त्यांच्याच ओरेटरीतल्या सेबास्त्यांव दो रेगो या गोवेकर पाद्रीने लिहिलेले, १७४५ मध्ये लिस्बनला छापलेले. आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे त्याच्यामुळे.

कबर पाहायचीच असेल तर ती वाझ यांच्या शिष्याची पाहावी. नेगोंबोच्या उत्तरेला, दांकोटुवाजवळ, बोलवत्त नावाचे गाव आहे. नारळीच्या बागा, विटांच्या भट्ट्या. तिथल्या चर्चमध्ये फादर जाकोमे गोन्साल्विस चिरविश्रांती घेत आहेत. हे गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे. १७०५ मध्ये सिलोनला आले, १७४२ मध्ये इथे वारले. वाझ फिरले आणि गोन्साल्विसांनी लिहिले. सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत त्यांनी इतके लिहिले की सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. ज्या गोव्यात लोकांनी आपली बोली सोडावी म्हणून फर्माने निघत होती, तिथला एक पाद्री बौद्ध पंडितांच्या हाताखाली बसून शुद्ध सिंहली शिकला, हा विरोधाभास मला फार आवडतो. ख्रिस्ताच्या दुःखभोगावर त्यांनी रचलेली वर्णने ‘पसन’ म्हणून चाळीस दिवसांच्या उपासकाळात गायली जातात. नेगोंबोच्या खाडीतल्या डुवा या कोळ्यांच्या बेटावर गुड फ्रायडेच्या आसपास जे दुःखभोगाचे नाटक होते त्याचे मूळ याच परंपरेत आहे. पसन पुरुष, बायका हुंदका दाबून ओढत, खेचत गातात. दशावताराला रात्र जागवणाऱ्या माणसाला हे परके वाटणार नाही.

गोव्याहून पाद्री येत राहिले, सव्वाशे वर्षांहून जास्त. १८३० च्या दशकात पोर्तुगालने सगळे धार्मिक संघ बरखास्त केले, त्यात गोव्याची ओरेटरीही मिटली. तिचे आवार जुन्या गोव्यात टेकडीवर पडके होऊन पडले आहे. त्यानंतर सिलोनमध्ये इटालियन आणि फ्रेंच पाद्री आले, शाळा निघाल्या, गोवेकरांचा वाटा विसरायला झाला. पण डचांच्या सगळ्या अंमलात या बेटावरचे कॅथलिक टिकले ते या गोवेकरांमुळे आणि त्याहून जास्त मुप्पू, अण्णावी यांच्यामुळे. आज श्रीलंकेत सुमारे सहा टक्के लोक कॅथलिक आहेत. त्यात सिंहली आहेत आणि तमिळही आहेत. देशातले हे एक मोठे घर जिथे दोघे एका छताखाली बसतात. यादवी युद्धाच्या काळात हे घरही आतून तडकले, मन्नारच्या जंगलातल्या मडू मातेच्या तीर्थावर १९९९ मध्ये आश्रयाला आलेल्यांवर तोफगोळे पडले. तरी ऑगस्टमधल्या यात्रेला दोन्ही भाषांची गर्दी जमते.

वाझ यांना १९९५ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी धन्य ठरवले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत. दोन्ही वेळा कोलंबोच्या समुद्राकाठच्या गॉल फेस मैदानावर. त्या दिवशी दुपारी पोप मडूला गेले. चार वर्षांनी, २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या सकाळी, कोलंबोतले कोच्चिकडेचे सेंट अँथनी आणि नेगोंबोतले कटुवापिटियाचे सेंट सेबास्टियन या चर्चसह अनेक ठिकाणी बॉम्ब फुटले आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्या दिवशी वाझ यांचा जन्मदिवस होता. कोच्चिकडेच्या चर्चची कथा सांगणारे सांगतात की डचांच्या काळात एक पाद्री इथे व्यापाऱ्याच्या वेषात कोळ्यांमध्ये लपला होता. वेष तोच, युक्ती तीच. आता तिथे फाटकावर सामान तपासतात, मग आत सोडतात. मंगळवारी फार गर्दी असते. हिंदू आणि बौद्धही नवस बोलायला रांगेत असतात.

गोव्याच्या वाचकाने सांकवाळच्या १६ जानेवारीच्या फेस्तानंतर श्रीलंकेला जावे. त्या दिवसांत तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस फारसा नसतो. जाफना, पुत्तलम, कँडी, नेगोंबो या क्रमाने गेले तर वाझ यांच्या आयुष्याचा क्रम आपोआप साधतो. सिल्लालेला चर्चबाहेर जो कुणी वयस्क माणूस किल्ल्या घेऊन येईल, तो बहुधा मुप्पू असेल. त्याला गोव्याहून आलो असे सांगितले की तो आधी कुलूप काढतो आणि मग तुमच्या चहाची सोय करायला कुणाला तरी पाठवतो.